सोबत बारा छायाचित्रे

आमच्या गावच्या दूध सोसायटीचा कॅमेरा आमच्या घरी राहायला आला, तो दूध बंद झालं म्हणून. दोन पावसाळे कोरडे गेले होते. गाई आटल्या, म्हशी बाजाराला गेल्या आणि ज्या खोलीत रोज पहाटे कॅनचा खणखणाट चालायचा तिथं उंदीर कागद खाऊ लागले. आण्णा, म्हणजे माझे वडील, सोसायटीचे सचिव होते. त्यांनी एक दिवस सोसायटीचा सगळा जीव पोत्यात भरून घरी आणला. दूध तपासायची काचेची नळी, गोल शिक्का, शाईचं पॅड, ठरावाची वही आणि चामड्याच्या डबीतला तो कॅमेरा. आईनं त्याला कोनाड्यात मिठाच्या बरणीशेजारी जागा दिली आणि म्हणाली, "ह्याला काय खायाला लागत न्हाई न्हवं? मग ऱ्हाऊ द्या."

कॅमेरा चेअरमन आबांच्या जावयानं दुबईहून आणला होता. सोसायटीत पाहुणे आले की हार घालतानाचे फोटो काढायला. त्याच्यावरच्या चकतीवर शेवटचा आकडा हजार होता आणि आबा येणाऱ्या-जाणाऱ्याला तो आकडा बोटानं दाखवत. "ह्यो सेकंदाचे हजार तुकडे करतो, हजार!" ओट्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं एकदा शांतपणे विचारलं होतं, "करीत आसंल आबा, पर येवढे ठिवायचे कुठं?" आबांनी कॅमेरा डबीत घातला. दुष्काळ पडल्यापासून पाहुणे यायचे बंद झाले, हार बंद झाले, आणि एवढा तेज कॅमेरा रिकामा बसला. मी बारावीला दोनदा बसून तिसऱ्यांदा बसायच्या तयारीत होतो, म्हणजे मीही रिकामाच होतो. चकतीवरचं इंग्रजी मला वाचता येतं एवढ्या पात्रतेवर आण्णांनी तो माझ्या ताब्यात दिला. तसं वहीत लिहिलं आणि खाली माझी सही घेतली.

आण्णा जसं लिहीत तसंच बोलत, आणि जसं बोलत तसंच जगत. धर्मापुरीच्या आत्याला लोणचं पाठवलं तरी बरणीबरोबर चिठ्ठी जायची, "सोबत : लोणचे, बरणी एक. पोहोच द्यावी." आत्या बिचारी पोहोच द्यायची. त्यांच्या मते कागदावर सही आणि शिक्का पडला की खोटेपणाला आत शिरायला जागाच राहत नाही. आमच्याकडे त्या वर्षी दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी असायची. येसर म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्यांचं पीठ. ते पाण्यात उकळलं की आमटी होते आणि पाणी कमी असलं की तिचंच पिठलं होतं. आज काय होणार ते टँकर किती वाजता आला त्यावर ठरायचं. टँकरचा हॉर्न ऐकला की आई हातातली भाकरी तव्यावर टाकून घागर घेऊन पळायची, म्हणून मी त्या वर्षी जितक्या करपलेल्या भाकरी खाल्ल्या तितक्या जन्मात कधी खाल्ल्या नाहीत. आण्णा करपलेली बाजू आत घालून घास करायचे. तक्रार अर्ज त्यांनी कधी केला नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला सुदाम राहायचा. माझ्याच वयाचा. आईबापाबरोबर दर साल ऊसतोडीला जायचा. त्या वर्षी ऊसच नव्हता, कारखाना लवकर बंद पडला आणि टोळी वेळेआधीच परत आली. सुदामनं येताना ट्रॉलीत कोयत्यांच्या बोचक्याखाली एक फळी आणली होती. दोन्ही टोकांना वर वळलेली, खाली चार चाकं. एका बंगल्यामागच्या उकिरड्यात सापडली म्हणाला. तिची दोन चाकं फुटकी होती. त्या साली गावात एकच गोष्ट मुबलक होती, ती म्हणजे कोरड्या विहिरीत जळालेल्या पाण्याच्या मोटारी. सुदामनं त्यांतल्या बेअरिंगा काढून फुटक्या चाकांच्या जागी ठोकल्या. त्या फळीला स्केटबोर्ड म्हणतात हे मला पुढं माझ्या मुलानं मोबाइलवर दाखवलं तेव्हा कळलं. आम्ही तिला फळीच म्हणायचो, आणि ती सिमेंटवरून जाताना असा खर्रर्र आवाज यायचा की कुत्री आधी भुंकायची आणि मग पळायची.

सिमेंट गावात एकाच ठिकाणी होतं. पाझर तलावाच्या सांडव्यावर. तलाव भरला की जादा पाणी जिथून उतरतं तो सिमेंटचा रुंद उतार. बांधल्यापासून त्यावरून पाणी दोनदाच गेलं असेल. खालच्या टोकाला तो ओठासारखा जरा वर उचललेला होता, आणि पुढं ओढ्याची कोरडी वाळू. सुदाम वरून फळीवर उभा राहून सुटायचा, त्या ओठावरून हवेत जायचा आणि वाळूत पडायचा. कधी पायांवर, कधी कशावरही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या मनात एकच गोष्ट आली. सेकंदाच्या हजार तुकड्यांतला एक तुकडा इथं ठेवता येईल.

रोल नसताना आम्ही आठवडाभर नुसता सराव केला. हे मी सुदामला सांगूनच केलं, तेवढा प्रामाणिकपणा माझ्यात तेव्हा होता. मी खाली वाळूत पोटावर झोपायचो, तो वरून सुटायचा, मी बटण दाबायचो.

"आलं का?"

"न्हाई."

"कावून न्हाई?"

"तू उडायच्या आधी दाबलं."

"मंग उडल्यावर दाब की बे!"

उडल्यावर दाबलं तर तो वाळूत बसलेला असायचा. शेवटी मला त्या कॅमेऱ्याची खोड कळली. बटण दाबलं की आतला आरसा क्षणभर वर उचलला जातो आणि डोळ्यापुढं अंधार होतो. म्हणजे जी उडी मला नीट दिसली, ती फोटोत आली नाही असं खुशाल समजावं. जिच्या वेळी मला काहीच दिसलं नाही, तीच आत गेली. हे मी सुदामला समजावलं तेव्हा तो म्हणाला, "म्हंजी मी उडतो ते मलाबी दिसत न्हाई आन् तुलाबी दिसत न्हाई. मंग आपण करतोय काय?"

याच सुमारास चारा छावणीचं निघालं. छावणी म्हणजे सरकारच्या मदतीनं गावोगावची जनावरं एका जागी बांधून त्यांना चारा-पाणी द्यायचं. ती चालवायला एखादी सहकारी संस्था लागायची. आबांनी ठरवलं की आपल्या सोसायटीनं प्रस्ताव करायचा. ओट्यावर सगळा गाव जमला होता. आमच्या गावाला छावणी मिळाली नाही तर जनावरं एकतर दुसऱ्या गावच्या छावणीला हाकावी लागणार, नाहीतर खाटकाकडं. तिसरं काही नव्हतं. आमची दोन बैलं होती, सुदामच्या घरची एक गाय आणि तिचं खोंड. प्रस्तावाला गावच्या परिस्थितीचे बारा फोटो जोडायचे होते. आबा म्हणाले, "बाळ्या, असे फोटो काढ की सायबाच्या डोळ्याला पाणी आलं पायजे." कुणीतरी मागून म्हणालं, "डोळ्याला तरी येऊ द्या, नळाला न्हाई तर." आबांनी मला छत्तीस फोटोंचा एक रोल दिला.

आता मी जे लिहितो ते मी आजवर घरातही नीट सांगितलेलं नाही. मी प्रामाणिकपणे पहाटे उठलो. विहिरीवरची रांग, टँकरखालच्या घागरी, चरायला हाकायच्या आधीची बरगड्या निघालेली बैलं, हे सगळं उजाडायच्या आतच असायचं. मी बारा फोटो काढले. काढताना चकती हजारावरच ठेवली. ती खाली आणता येते, अंधारात आणावी लागते, हे डबीतल्या पुस्तिकेत लिहिलेलं होतं आणि मी ते वाचलंही होतं. पण हजाराचा कॅमेरा साठावर चालवणं म्हणजे घोड्याला गाढवाच्या चालीनं चालवणं, असा मला ताठा होता. बारा फोटो झाल्यावर रोलमध्ये चोवीस उरले. ते दुपारच्या कडक उन्हात, तीन दिवसांत, सांडव्यावर सुदामवर संपवले. गावाची जनावरं ज्या रोलवर वाचायची त्याचे दोन वाटे मी फळीला दिले. तेव्हाही मनात खुपलं होतं. पण दर वेळी डोळ्यापुढं अंधार झाला की खुपणं थांबायचं.

रोल घेऊन मी एसटीनं बीडला गेलो. स्टुडिओवाल्या चाचांनी धुतलेली पट्टी उजेडात धरली आणि पहिले बारा चौकोन बघून माझ्याकडं पाहिलं.

"क्या मियां, ये क्या निकाला?"

"पहाटंचे हायेत, चाचा."

"पहाट तो हाय, पर इसमें कुच न्हाई हाय. काच के माफिक कोरे. अंधारात हजारपे चलाया क्या?" मग त्यांनी पट्टी पुढं सरकवली आणि डोळ्याजवळ नेली. "ये लडका कौन हाय रे? ये तो बहोत अच्छे आये!"

मला आनंद झाला. हे कबूल केलंच पाहिजे. गावाचे सगळे फोटो कोरे गेले हे कळल्यावर पहिल्यांदा मला जे झालं ते आनंद होता. तारीख त्यानंतर आठवली. प्रस्ताव दुसऱ्या सकाळी तालुक्याला पोचवायचा शेवटचा दिवस होता. नवा रोल काढून धुवायला वेळ नव्हता. मी चाचांच्या बाकावर बसलो आणि स्वतःशी वाद घातला. फायलीतले फोटो कोण बघतं? मोजतात फक्त. बारा लागतात, बारा असले म्हणजे झालं. आणि शिवाय सुदामच्या मागं तलाव दिसतोच, तो कोरडा आहेच, म्हणजे हे काही अगदीच खोटं नाही. ज्यांत तलाव जास्त दिसतो असे बारा मी निवडले असते तर गोष्ट वेगळी. मी निवडले ते ज्यांत सुदाम चांगला दिसतो असे बारा. चाचांनी तेवढ्याच बाराच्या प्रती काढून दिल्या.

घरी येऊन मी ते कोऱ्या कागदांवर चिकटवले आणि आण्णांच्या भाषेत खाली लिहिलं. छायाचित्र क्रमांक एक, तलावातील पाणीसाठ्याची सद्यःस्थिती. यात सुदामचे दोन्ही हात पंखासारखे पसरलेले होते. क्रमांक चार, सांडव्याची कोरडी अवस्था. यात त्याची चप्पल त्याच्यापेक्षा वर गेली होती. क्रमांक सात, सांडव्यावर एक ग्रामस्थ. क्रमांक आठ, तोच ग्रामस्थ. क्रमांक बारा, ओढ्यातील वाळू. हा मात्र खरा होता, कारण सुदामचं तोंड वाळूत होतं.

आण्णा चहा पिता पिता शिक्के मारत होते. मी एकेक कागद खालच्या कोपऱ्याशी धरून पुढं सरकवत होतो, तळहात फोटोवर आडवा ठेवून. "सगळे बघून लावलेस ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "हो." एवढंच. त्यांनी सही केली. माझ्यावर विश्वास म्हणून नव्हे, तर मी 'हो' म्हटलं हे त्यांच्या दृष्टीनं लेखी दिल्यासारखंच होतं म्हणून. फाईल पुरी असावी असा त्यांचा नियम, म्हणून पट्टीही त्यांनी पाकिटात घालून फायलीला टाचली. वर लिहिलं, "सोबत बारा छायाचित्रे, मूळ पट्टीसह." सुदाम रात्री दारात येऊन गेला, "फोटू आले का बे?" मी म्हटलं, अजून धुवून आले नाहीत.

आठवड्यानं तालुक्याचे साहेब जीप घेऊन पाहणीला आले. सोसायटीच्या ओट्यावर सतरंजी घातली होती. त्यांनी चहा घेतला, फाईल उघडली, पानं उलटली आणि थांबले. फाईल लांब धरली, जवळ धरली.

"हा कोण?"

आबा वाकले. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ते फोटो पाहिले. नंतर आण्णांनी पाहिले. आण्णांचा चेहरा मी अजूनही आठवू नये असा प्रयत्न करतो.

"मी गावची परिस्थिती मागवली होती," साहेब म्हणाले. "हा तर उडतोय."

आबांनी आयुष्यभर सभा चालवल्या होत्या. त्यांना सुचायला दोन क्षण लागले. "त्याचं असं झालं साहेब, ह्ये आमच्या सचिवाचं पोरगं बिचारं तलावाचा फोटू काढीत होतं. आन् ते वाह्यात कार्टं दर बारीला मधी उडी मारायचं!"

"बाराही वेळा?"

"लई वाह्यात हाय साहेब."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. "खरं आहे?" आण्णाही माझ्याकडं पाहत होते. मी मान हलवली. वर-खाली. तेवढ्याला सेकंदाचा हजारावा भागही लागला नसेल.

साहेब म्हणाले, तलाव प्रत्यक्ष बघू. त्यांनी फाईल काखेत मारली आणि सगळा गाव जीपमागं निघाला. बांधावर पोचलो तो खर्रर्र आवाज आला. सुदामला यातलं काही माहीत नव्हतं. त्यानं वरून जीप पाहिली, साहेब पाहिले, माझ्या गळ्यातला कॅमेरा पाहिला आणि त्याला वाटलं, आज आपलं काहीतरी खास आहे. तो सुटला. एवढी चांगली उडी त्यानं कधीच मारली नव्हती. मी कॅमेरा डोळ्याला लावलेला नव्हता, म्हणून ती एकच मला दिसली. तो साहेबांच्या बुटांपासून चार हातांवर येऊन पडला, उठला, तोंडातली वाळू थुंकली आणि दोन्ही हात जोडून म्हणाला, "नमस्कार साहेब!" जीपचा ड्रायव्हर टाळी वाजवायला निघाला होता, तो थांबला.

"जनावरं मरायला लागली म्हणता," साहेब म्हणाले, "आणि तरणी पोरं हे करतात?"

आबा सुदामवर धावून गेले. "तुझ्यापायी गावाची छावणी जाईल, भाड्या! पोरगं तळ्याचा फोटू काढीत व्हतं आन् तू मधी मधी कावून उडत व्हतास?"

सुदामनं आबांकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मी जीपच्या चाकाकडं पाहिलं. नंतर त्याचा आवाज आला, "चुकलं साहेब. मीच मधी येत व्हतो."

फाईल परत आली नाही. त्याऐवजी पत्र आलं. छायाचित्रे विषयाशी विसंगत असल्यानं फेरप्रस्ताव सादर करावा. आण्णांनी बीडहून फोटोग्राफर आणून, स्वतः शेजारी उभं राहून, बारा बैलांचे बारा फोटो काढून घेतले. पण तोवर शेजारच्या गावची छावणी मंजूर झाली होती आणि एवढ्या जवळ दुसरी मिळत नाही असा नियम निघाला. आमच्या गावची जनावरं तिकडं हाकावी लागली. दोन तास जाताना, दोन तास येताना, म्हणून ती तिथंच ठेवावी लागली आणि त्यांच्याजवळ कुणीतरी राहायला पाहिजे होतं. सुदाम स्वतःहून म्हणाला, मी जातो. पाऊस पडेपर्यंत तो आमच्या गल्लीची सगळी जनावरं घेऊन तिथल्या पत्र्याखाली राहिला. आमच्या बैलांसकट. आमचा म्हातारा बैल त्या वाटेवरच बसला आणि उठला नाही. सुदामनं निरोप पाठवला, की मी बाजूला बसून होतो, एकटा न्हाई गेला. गावात बाया पाणी भरताना म्हणायच्या, त्या उडणाऱ्यानं छावणी घालवली. आई हे घरी येऊन सांगायची. मी भाकरीचा करपा काढत बसायचो. आण्णांनी मला त्याबद्दल एकदाही विचारलं नाही. त्यांनी फक्त कॅमेरा पुन्हा वहीत जमा करून घेतला आणि 'सुस्थितीत' असं लिहिलं.

पुढं मी बारावी झालो, नोकरी लागली आणि बीडमध्येच एका कचेरीत कारकून म्हणून दिवस काढले. फायलींना जोडलेले फोटो मी बघतो. सगळे. सहकारी म्हणतात, इतकं कशाला बघता, मोजा आणि पुढं ढकला. मी पुढचा फोटो बघतो.

सुदाम ऊसतोड सोडून आता नेकनूरला किराणा चालवतो. आम्ही भेटत राहिलो, लग्नाकार्यात जेवत राहिलो, पण त्या गोष्टीवर कधी बोललो नाही. मागच्या वर्षी आण्णा गेल्यावर मला वाटलं, आता ती गोष्ट माझ्या एकट्याच्याच डोक्यात उरली. मी एसटी धरून नेकनूरला गेलो. तो गूळ फोडत होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पहाटेचे फोटो माझ्या ताठ्यानं कोरे गेले, तुझे फायलीत चुकून नव्हते गेले, मी बाकावर बसून निवडले होते, आणि मान मी हलवली होती. सांगता सांगता माझा आवाज चढला. दुकानात एक बाई साखरेसाठी उभी होती, ती पिशवी घट्ट धरून एक पाऊल मागं सरकली.

सुदामनं हातोडी खाली ठेवली.

"निवडून लावलेस?"

"हो."

"चोवीसातून?"

"हो रे."

"म्हंजी चांगले आलते?"

तो काउंटरवरून पुढं झुकला. "आरं, मी समजत व्हतो चांगलं कायच आलं नसंल. बांधावर सायबानं फाईल काखेतच धरलीती, मला दिसलंच न्हाई. इतकी वर्सं मला वाटतंय, मी नुसता पडत व्हतो का मधी कुठं उडतबी व्हतो?"

"उडत होतास," मी म्हटलं.

"किती वर?"

बाई साखर विसरून माझ्याकडं बघत होती. चाचांच्या दुकानातला तो चौकोन मला स्पष्ट आठवतो. सगळ्यात चांगल्या फोटोत फळी आणि सिमेंट यांच्यामध्ये वीतभर अंतर होतं, फार तर दीड वीत. मी हात वर उचलला, कमरेपर्यंत नेला, त्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि छातीपर्यंत नेला.

"बघा वैनी," सुदाम त्या बाईला म्हणाला, "आन् ह्येच्यावर सरकारी शिक्का हाय."